दोन मार्गदर्शक आणि आठवड्यातले दोन दिवस

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात सुमारे १७. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट एक नाहीत, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येणार नाही. पण एवढी तफावत दिसल्यावर कारण शोधणे टाळताही येत नाही.

दवाखान्यात काम करणाऱ्या कोणी यावर पीएच.डी. करायची म्हटली तर हे कारण कोणत्या विषयात शोधायचे? अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे ही लक्षणे स्त्रीरोगशास्त्राची. फडावर शौचालय नाही, धुवायला पाणी नाही, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सहा महिने काढायचे, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रांत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात. ही मजुरीची अर्थव्यवस्था झाली. सरकारी दवाखान्यात वेळेवर तपासणी होत नाही आणि खासगीत ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते, हा आरोग्यसेवेच्या बाजाराचा भाग. कमी वयात लग्न, लवकर मुले, पंचविशीच्या आत नसबंदी आणि मग ‘आता पिशवीचे काम तरी काय’ ही घरोघरची समजूत, इथे समाजशास्त्र लागते. आणि तिशीत अंडाशयासकट पिशवी गेली तर पुढे हाडे ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो, तेव्हा पुन्हा वैद्यकाकडे यावे लागते. यातले काहीही एकटे घेतले तर उपायही अर्धवट निघतो. डॉक्टरांवर बंधने आणली तरी खाडा तसाच राहतो. खाड्याची कपात बंद केली तरी योनीमार्गाच्या संसर्गावर साधे उपचार मिळत नाहीत.

अशा प्रश्नावर सखोल संशोधन करायला ग्रामीण रुग्णालयातली अनुभवी स्टाफ नर्स किंवा वैद्यकीय अधिकारी यांच्याहून योग्य माणूस सापडणे कठीण. रोजच्या ओपीडीत त्यांना हा प्रश्न दिसतो, बाईची भाषा कळते, केसपेपरवर काय लिहिले जाते आणि काय लिहिलेच जात नाही हे ठाऊक असते. निष्कर्ष निघाल्यावर तो वापरायचाही त्यांनाच असतो. तरीही आपल्याकडच्या पीएच.डी.च्या रचनेत या माणसाला जागा नाही. आमचे म्हणणे असे की आरोग्य व्यावसायिकांसाठी आंतरविद्याशाखीय पीएच.डी. हवीच, पण ती दोन अटींवर हवी. दोन वेगळ्या विद्याशाखांतले आणि बरोबरीची जबाबदारी घेणारे दोन मार्गदर्शक ही पहिली, आणि पगार चालू ठेवून आठवड्यातले किमान दोन दिवस संशोधनाला मोकळे ही दुसरी. या अटी पाळणे जमत नसेल तर अशी पीएच.डी. उघडू नये. कारण त्यांच्याविना जे तयार होते ते संशोधन नसते, पदवी असते.

सध्या काय घडते ते पाहू. नोंदणीच्या अर्जात एक विद्याशाखा आणि एक विषय निवडावा लागतो. नर्स असेल तर नर्सिंग, आणि मार्गदर्शकही बहुतेक वेळा नर्सिंगचाच. प्रश्न फड, मुकादम (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार), दवाखाना आणि घर यांच्यात पसरलेला असतो; तो मार्गदर्शकाला झेपेल एवढा छाटला जातो. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहीपर्यंत विषयाचे नाव होते ‘अमुक तालुक्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय शस्त्रक्रियेचे प्रमाण व संबंधित घटक: एक छेदात्मक अभ्यास’, आणि नमुना ठरतो ३८४. हा ३८४ आकडा राज्यातल्या शेकडो प्रबंधांत दिसेल. प्रमाण ५० टक्के धरले, चूक अधिक-उणे ५ टक्के आणि खात्री ९५ टक्के ठेवली की सूत्रातून तो बाहेर पडतो. सूत्र बरोबर आहे, वापर चुकतो. ३८४ मध्ये एकच प्रमाण मोजता येते. ‘घटक’ शोधायचे म्हणजे दोन गटांची तुलना करायची. एका गटात १७ टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के असा फरक ८० टक्के ताकदीने, म्हणजे तो खरोखर असेल तर शंभरात ८० वेळा सापडेल अशा बेताने, पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ३७० बायका लागतात, दोन्ही मिळून ७४०.

त्यातही एक पायरी राहते. एका गावातल्या बायका बहुधा एकाच मुकादमाबरोबर जातात आणि एकाच दवाखान्यात दाखवतात, म्हणून त्यांची उत्तरे एकमेकींसारखी येतात. प्रत्येक गावातून ३० जणी घेतल्या आणि हे साम्य मोजणारा गुणांक ०.०५ धरला तर नमुना १ + (३० − १) × ०.०५, म्हणजे २.४५ पट करावा लागतो. ७४० चे १,८०० पेक्षा जास्त होतात. संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत असेल तर हे सिनॉप्सिसच्या वेळीच कळते, आणि गावे वाढवून प्रत्येक गावातून कमी बायका घ्यायच्या की प्रश्नच बदलायचा हे ठरवता येते. सर्वेक्षण संपल्यावर एक्सेल शीट घेऊन त्याच्याकडे गेले की तो फक्त ‘पी’ची किंमत, म्हणजे फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता, काढून देऊ शकतो.

या कप्प्यांना इतिहास आहे. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि तोवर मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद अशा पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची महाविद्यालये एका छताखाली आली. परीक्षा आणि अभ्यासक्रम एकसारखे झाले, हा फायदा खराच. पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानवशास्त्र यांचे विभाग जुन्या विद्यापीठांत राहिले. मुंबईत देवनार परिसरात टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, परळला टाटा मेमोरियल आणि केईएम; पुण्यात अर्थशास्त्राची गोखले संस्था आणि ससून रुग्णालय. अंतर तासाभराचे. तरी एका बाजूचा विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूचा प्राध्यापक यांची प्रबंधासाठी नियमाने गाठ पडत नाही.

नियम आडवा येतो असे म्हणावे तर तेही खरे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयीचे २०२२ चे विनियम दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतला सह-मार्गदर्शक घ्यायला मोकळीक देतात. नोकरी सांभाळून पीएच.डी. करण्यालाही परवानगी देतात. विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडायला सांगतात. आडवी येते ती पद्धत. सह-मार्गदर्शकाचे नाव अर्जावर येते, तो नोंदणीच्या दिवशी एकदा आणि प्रबंधावर सही करताना एकदा भेटतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. या मोजणीत मुख्य मार्गदर्शकाची प्रतिष्ठा वाढते, दुसऱ्या विद्यापीठातल्या नर्सच्या प्रबंधाचे प्रकरण वाचायला घेतलेले तास कुठेच मोजले जात नाहीत.

एक विसंगती तर डोळ्यांत खुपते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणत्याही आरोग्य संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत कायद्याची जाणकार व्यक्ती, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राची जाण असलेली व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. म्हणजे वैद्यकीय संशोधनाला परवानगी देताना समाजशास्त्रज्ञ लागतो हे आपण मान्य केले आहे. तेच संशोधन घडवताना मात्र तो लागत नाही.

बरोबरीचे दोन मार्गदर्शक म्हणजे नेमके काय, हे नोंदणीच्या वेळीच लेखी करारात यावे. दोघांनीही विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा एकत्र भेटावे, वेगवेगळे नाही. वेगवेगळे भेटले की एक म्हणतो मुलाखती कमी करा, दुसरा म्हणतो प्रश्नावली छोटी करा, आणि विद्यार्थी दोघांचे मन राखण्यात वर्ष घालवतो. कोणत्या प्रकरणाचा अंतिम शब्द कोणाचा, हे आधी ठरावे. विद्यार्थ्याची ‘घरची’ विद्याशाखा कोणती हेही लिहावे. आंतरविद्याशाखीय म्हणजे दोन विषय निम्मे निम्मे असे नव्हे. एका विषयात पूर्ण खोली आणि दुसऱ्यात इतके ज्ञान की त्या विषयातल्या तज्ज्ञाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता वेळेचा प्रश्न, आणि आमच्या मते बहुतेक नोकरदारांचे प्रबंध इथेच मोडतात. २०२२ च्या विनियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या जबाबदाऱ्या सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, त्याला कामातून मोकळे केले जाईल, असे तिन्ही मुद्दे हवेत. प्रत्यक्षात जे पत्र मिळते त्यात ‘कामकाजात अडथळा न येता’ हे शब्द ठळक असतात आणि ‘पुरेसा वेळ’ म्हणजे किती हे लिहिलेले नसते. अधिष्ठात्यांना किंवा सिव्हिल सर्जनना दोष देऊन भागत नाही. वॉर्डात तीनऐवजी दोन सिस्टर राहिल्या तर रात्रपाळीत औषधे चुकतात, त्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

पुरेसा वेळ म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे. तीस मुलाखती, प्रत्येकी एक तास. तासाभराचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला सवय असलेल्याला चार तास लागतात, नवख्याला सहा. मधले पाच धरले तरी १५० तास. नंतर सांकेतीकरण (मजकुराला विषयवार खुणा लावणे), पुन्हा वाचन, पडताळणी. आठवड्याचे दोन मोकळे दिवस, म्हणजे १६ तास मिळाले तर नुसते उतरवण्याचे काम साडेनऊ आठवड्यांत होते. फक्त रविवार संध्याकाळचे चार तास मिळाले तर तेच साडेसदतीस आठवडे चालते. तोवर पहिल्या मुलाखतीत त्या बाईने कोणत्या सुरात काय सांगितले ते विसरलेले असते. मग काम बाहेर दिले जाते. टायपिंग करणारा थेट इंग्रजीत उतरवतो, गाळलेल्या जागा अंदाजाने भरतो, आणि ज्या शब्दांसाठी मुलाखत घेतली तेच हरवतात. मराठी मुलाखत मराठीतच उतरवावी, मराठीतच तिचे विश्लेषण करावे आणि प्रबंधात घ्यायची अवतरणेच तेवढी शेवटी भाषांतरित करावीत, हा आमचा आग्रह आहे. श्रमही वाचतात, अर्थही टिकतो.

आता एकूण मुदत पाहा. विनियमांत पीएच.डी.साठी कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. सहा दिवसांच्या आठवड्यात दोन दिवस मोकळे असले तर सहा वर्षांत पूर्ण वेळेची दोनच वर्षे हाती येतात. म्हणून दोन दिवस ही किमान मर्यादा म्हणायची. त्याखेरीज क्षेत्रकामासाठी सहा महिने आणि लेखनासाठी सहा महिने सलग रजा मिळाली तर ही बेरीज दोन वर्षे आठ महिन्यांवर जाते. स्वीडनमध्ये डॉक्टरेटचे काम पूर्णवेळ चार वर्षांचे मानतात आणि निम्म्या वेळाने केले तर आठ वर्षांची मुदत देतात. दवाखान्यात काम करणारे अनेक जण तशीच करतात. तिथे काम तेवढेच ठेवून मुदत वाढते. आपल्याकडे मुदत तीच राहते आणि काम घटवले जाते.

वेळेला ऋतूही असतो. ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावात शांतपणे बोलायचे तर मे ते सप्टेंबर हाच काळ, त्यातही जून-जुलै पेरणीत जातो. नैतिकता समितीची बैठक मार्चऐवजी जूनमध्ये झाली आणि समितीने एखादी दुरुस्ती सुचवली, की मंजुरी ऑगस्टमध्ये हातात पडते आणि एक अख्खे वर्ष गेले. म्हणून समितीकडे प्रस्ताव आदल्या डिसेंबरमध्ये जायला हवा, मराठी संमतीपत्र आणि मुलाखतीची मार्गदर्शिका सोबत जोडून. समिती सर्वाधिक वेळा हीच कागदपत्रे मागते, आणि विद्यार्थी हीच शेवटी तयार करतो.

आरोग्य व्यावसायिकाने आपल्याच क्षेत्रात संशोधन करण्यात एक नाजूक अडचण आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. जी सिस्टर इंजेक्शन देते तीच मुलाखतीसाठी विचारत असेल तर बाई ‘नाही’ म्हणत नाही. हीच गोष्ट मुकादमाची. त्याच्यामार्फत टोळीपर्यंत पोहोचणे सोपे, पण त्याने सांगून बसवलेल्या बाईची संमती ही संमती नव्हे, आणि त्याच्यासमोर ती खाड्याबद्दल काही बोलणारही नाही. संशोधकाने स्वतःच्या रुग्णालयाच्या कार्यक्षेत्राबाहेरचा तालुका घ्यावा, संमती दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी, मुलाखत फडावर न घेता गावी घरी घ्यावी. एखाद्या खासगी डॉक्टरचे नाव मुलाखतीत आले तर ते उतरवतानाच काढून टाकावे. नंतर काढू म्हटले की ते कुठल्यातरी फाइलमध्ये राहतेच. हे सगळे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षात शिकवतात. नर्सिंग किंवा एम.डी.च्या विद्यार्थ्याला क्वचितच कोणी शिकवते.

त्यामुळे कोर्सवर्कमध्ये काय असावे हा दुय्यम प्रश्न नाही. विनियमांत किमान १२ श्रेयांक (क्रेडिट) आणि त्यात संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. तो दोन श्रेयांकांचा. उरलेले दहा बऱ्याच ठिकाणी ‘संशोधन पद्धती’ नावाच्या एका गाठोड्यात आणि विषयाच्या उजळणीत जातात. पंधरा वर्षे वॉर्डात काढलेल्या नर्सला नर्सिंगच्या सिद्धान्तांची उजळणी काय द्यायची? तिला चार श्रेयांक रोगपरिस्थितिविज्ञान (एपिडेमिऑलॉजी) आणि संख्याशास्त्राचे, तीन मुलाखतींसारख्या गुणात्मक पद्धतींचे, दोन आरोग्य अर्थशास्त्र आणि धोरणाचे द्यावेत, आणि उरलेला एक दुसऱ्या विद्याशाखेतले शोधनिबंध वाचून त्यांवर टीका लिहिण्याला. गुणात्मक पद्धतीचे श्रेयांक समाजशास्त्र विभागात जाऊन घ्यावेत, तिथल्या विद्यार्थ्यांसोबत बसून. आरोग्य विद्यापीठातच पाहुणा वक्ता बोलावून उरकले तर दुसऱ्या विषयात वाद कसा घालतात हे कधी कळत नाही.

मिश्र पद्धतीच्या, म्हणजे सर्वेक्षण आणि मुलाखती दोन्ही वापरणाऱ्या, प्रबंधांत सगळ्यात मोठे अपयश शेवटी दिसते. चौथ्या प्रकरणात सर्वेक्षण, पाचव्यात मुलाखती, सहाव्यात दोन्हींचा गोषवारा, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. जोड आराखड्यातच द्यावी लागते. सर्वेक्षणातून कमी वयात पिशवी काढलेल्या आणि तशीच लक्षणे असूनही न काढलेल्या अशा बायका निवडायच्या आणि मुलाखती त्यांच्याच घ्यायच्या. मग एकच तक्ता करायचा, एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला तीच गोष्ट बायकांच्या शब्दांत, आणि तिसऱ्या रकान्यात दोन्ही जुळतात की भांडतात ते. जिथे भांडतात तिथेच खरे संशोधन असते. सर्वेक्षणात ‘डॉक्टरांनी सांगितले’ हे कारण पहिले आले आणि मुलाखतींत बायका सांगत असतील की आपणच डॉक्टरांकडे मागायला गेलो, तर केवळ डॉक्टरांना शिक्षा करणारे धोरण चुकणार हे तिथे समजते.

विषय ओलांडून केलेले काम आपल्याच भूमीत किती फळले याची उदाहरणे दूर नाहीत. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली, ४७ गावे तुलनेला ठेवली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बालरोगशास्त्र होते, गावात जन्म-मृत्यू बिनचूक मोजण्याचे शास्त्र होते, आणि गावातल्या बाईला जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देता येईल हा सामाजिक विश्वासही होता. आशा सेविका आज नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात त्यामागे हे काम आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २० वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत अल्प प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

उलट उदाहरणही तितकेच मोलाचे आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवले तर फिजिओथेरपिस्टची टंचाई भरून निघेल, ही कल्पना सगळ्यांना पटणारी. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य. घरी व्यायाम किती झाला, कोणी करून घेतला, सुनेला स्वयंपाक आणि शेतीतून वेळ मिळाला का, हे प्रश्न स्नायूंच्या ताकदीच्या मोजमापात येत नाहीत. त्या चाचणीसोबत अंमलबजावणीचाही अभ्यास केला होता म्हणून निदान पुढचा प्रश्न तरी नीट विचारता येतो. फिजिओथेरपीतल्या पीएच.डी.त असा भाग सहसा ‘आपल्या विषयाबाहेरचा’ म्हणून वगळला जातो.

प्रबंधाच्या रूपाबद्दलही बोलायला हवे. पाचशे पानांचा जाडजूड ग्रंथ लिहिण्याची सक्ती नोकरदार संशोधकाला मारक आहे. तीन किंवा चार स्वतंत्र शोधनिबंध आणि त्यांना जोडणारे एक तीस-चाळीस पानांचे प्रकरण, ही स्वीडनमधली प्रचलित रीत आपल्याकडेही मान्य व्हावी. प्रबंध जमा करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती २०२२ मध्ये निघाली ते चांगलेच झाले, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे गिऱ्हाईक त्यामुळे कमी होते. निबंध छापून आलेले नसले तरी छापण्याजोगे आहेत का, हे परीक्षकांनी ठरवावे. आणि परीक्षकांचे म्हणाल तर किमान दोन बाहेरचे परीक्षक असतातच. एक आरोग्यशास्त्राचा आणि एक दुसऱ्या विद्याशाखेचा असा स्पष्ट नियम हवा. दोघेही वैद्यकाचे असले तर मौखिकीत ‘फक्त तीसच मुलाखती का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचे नसते.

आक्षेप दोन प्रामाणिक आहेत. पहिला, रुग्णालयांत आधीच माणसे कमी, त्यात आठवड्याचे दोन दिवस कुठून द्यायचे? राज्यात दरवर्षी २० जणांना असा प्रवेश दिला तर सहा दिवसांच्या आठवड्यात २० जणांचे दोन दिवस म्हणजे सात पूर्णवेळ बदली पदे. सहा तुकड्या एकाच वेळी चालू असल्या तरी १२० विद्यार्थ्यांमागे ४० पदे. सलग रजांसाठी थोडी आणखी धरावीत. हा पैसा विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती म्हणून न देता त्याच्या रुग्णालयाला बदली माणसाचा पगार म्हणून द्यावा. पगार तर त्याला मिळतोच आहे, त्याला हवा आहे तो वेळ. बदली माणूस आला की ना-हरकत प्रमाणपत्रात ‘दर मंगळवार व बुधवार’ असे लिहायला सिव्हिल सर्जनना अवघड जात नाही.

दुसरा आक्षेप, सगळ्यांनी पीएच.डी. करायची का? मुळीच नाही. बहुतेकांना प्रश्नावली कशी करायची, माहिती कशी वाचायची एवढेच हवे असते, आणि त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम किंवा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी पुरते. ज्याच्याकडे अनेक वर्षांच्या कामातून आलेला एक प्रश्न आहे आणि तो एका विषयात बसत नाही, त्याच्यासाठी ही वाट. प्रवेशाच्या मुलाखतीत उमेदवाराचे गुण पाहण्याआधी हा प्रश्न दोन पानांत लिहून मागावा, आणि दोन्ही विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी तो एकत्र वाचावा. त्यातल्या एकाला जरी तो आपल्या विषयाचा वाटला नाही तर तो आंतरविद्याशाखीय नाही, साध्या पीएच.डी.ला पाठवावा.

संस्थांच्या सीमा ओलांडून पीएच.डी. चालवणे शक्य नाही असे कोणी म्हणू नये. नर्सिंगमधल्या पीएच.डी.साठी भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरूचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साह्याने राष्ट्रीय संघ उभा केला, आणि एका विद्यापीठाच्या पदवीसाठी वेगवेगळ्या राज्यांतल्या केंद्रांत संशोधन होऊ लागले. नाशिकचे विद्यापीठ, एक पारंपरिक विद्यापीठ आणि समाजविज्ञानाची एक संस्था अशा तिघांचा करार त्याहून अवघड नाही. करारात तीन गोष्टी असल्या की पुरे: मार्गदर्शकांच्या यादीला परस्पर मान्यता, एकमेकांकडच्या श्रेयांकांना मान्यता, आणि एकच नैतिकता समिती. तिसरी नसली तर विद्यार्थी तीन समित्यांपुढे तोच प्रस्ताव घेऊन फिरतो, आणि प्रत्येक समिती संमतीपत्रातले वेगळे वाक्य बदलायला सांगते.

राहिला पदवीनंतरचा प्रश्न. आज पीएच.डी. झालेली नर्स वॉर्ड सोडून महाविद्यालयात शिकवायला जाते, कारण बढतीची शिडी तिथेच आहे. एम.डी. डॉक्टरला रुग्णालयात पीएच.डी.चा व्यावहारिक उपयोग शून्य, म्हणून तो करत नाही. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निम्मा वेळ सेवा आणि निम्मा वेळ संशोधन अशी पदे निर्माण करून ती पीएच.डी. झालेल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, वैद्य, औषधनिर्माते, दंतवैद्य आणि डॉक्टर या सगळ्यांना खुली ठेवायला हवीत. सुरुवातीला प्रत्येक महसुली विभागात दोन, म्हणजे राज्यात बारा पदे. ही पदे मंजूर होण्याआधी पीएच.डी.च्या जागा वाढवण्याची घोषणा सरकारने करू नये.